सहा महिन्यांची मुदत

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातील प्रसूतिगृहांत एक चाचणी चालत असे. आजच्या डोळ्यांना ती अगदीच हौशी वाटेल. प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेविका हातात मावेल असं आवाजाचं यंत्र घेऊन झोपलेल्या नवजात बाळाजवळ जात, साधारण ९० डेसिबलचा आवाज काढत आणि बाळ दचकतं का, पापणी घट्ट मिटतं का, हातपाय हलवतं का, हे पाहून कागदावर नोंद करत. या उपक्रमामागे मॅरियन डाउन्स या श्रवणतज्ज्ञ होत्या. काही वर्षांत सुमारे १७ हजार बाळांची अशी तपासणी झाली आणि पद्धत पुरेशी भरवशाची नाही असा निष्कर्ष निघाला. ऐकू येणारी कितीतरी बाळं गाढ झोपेत हललीच नाहीत. उलट काही कर्णबधिर बाळं योगायोगाने त्याच क्षणी हलली आणि ‘पास’ झाली. नवजात श्रवणतपासणीचा इतिहास सांगताना हा भाग एका वाक्यात उरकून पुढच्या यंत्रांकडे वळायची पद्धत आहे. माझ्या मते डाउन्स यांचं मोठेपण नेमकं या फसलेल्या चाचणीनंतर त्यांनी जे केलं त्यात आहे, आणि आपल्याकडे घेण्यासारखं जे आहे तेही तिथेच आहे.

डाउन्स यांचा जन्म १९१४ सालचा, मिनेसोटा राज्यातल्या न्यू अल्मचा. पदवी कला शाखेची. लग्न, तीन मुलं, आणि मग पुन्हा विद्यापीठ; १९५१ साली डेन्व्हर विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा त्या सदतिशीच्या होत्या. त्यांनी निवडलेलं शास्त्र त्यांच्यापेक्षा वयाने लहान होतं. दुसऱ्या महायुद्धातून कान निकामी होऊन परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून ‘ऑडिओलॉजी’ हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्यामुळे त्याची सगळी हत्यारं मोठ्या माणसांसाठी घडलेली. आवाज आला की हात वर करा किंवा बटण दाबा, हा श्रवणमापनाचा पाया. जो सांगू शकतो त्याचीच तपासणी. न सांगू शकणाऱ्याची तपासणी आधी व्हायला हवी, हा आग्रह म्हणजे त्या व्यवसायाचं तोंडच फिरवणं होतं.

आग्रहाचं कारण साधं होतं. जन्मतः दर हजारी साधारण एक ते तीन मुलांना कायमचा श्रवणदोष असतो आणि घरात तो लक्षात येत नाही. कर्णबधिर बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, आईचा चेहरा पाहून खेळतं. ताट वाजवलं की वळतं, कारण हाताची हालचाल दिसते, जमिनीचा हादरा जाणवतो. पुढे बोलणं लांबलं की घरातलं वडीलधारं कुणी तरी सांगतं, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ हे आपल्याकडचंच आहे असं नाही. सरसकट तपासणी सुरू होण्यापूर्वी अमेरिकेतही दोष ध्यानात येईपर्यंत मूल सरासरी अडीच-तीन वर्षांचं होत असे. एवढ्या काळात मेंदूतली भाषेची जडणघडण बरीच पुढे गेलेली असते. त्यानंतर दिलेलं कानाचं मशीन आवाज पोचवतं, पण गेलेली वर्षं भरून देणं त्याला कठीण जातं.

आता त्या अपयशाकडे येऊ. आपली चाचणी डळमळीत आहे हे दिसल्यावर डाउन्स यांच्यासमोर दोन सोपे रस्ते होते: चाचणी रेटत राहणं किंवा विषय सोडून देणं. त्यांनी तिसराच धरला. कान-नाक-घसा तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-श्रवणतज्ज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून एक स्थायी समिती नेमावी, पुरावे तपासावेत आणि वेळोवेळी शिफारस करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९६९ साली ती समिती, ‘जॉइंट कमिटी ऑन इन्फन्ट हिअरिंग’, स्थापन झाली. गंमत अशी की समितीने पहिल्याच निवेदनात काय सांगितलं, तर अशा वर्तनाधारित चाचण्या सरसकट सगळ्या बाळांवर करू नयेत, आधी संशोधन करावं. म्हणजे डाउन्स यांनी उभ्या केलेल्या व्यासपीठावरून डाउन्स यांच्याच उपक्रमाला नकार मिळाला. समितीची सावधगिरी बरोबर होती. त्याच सुमारास, १९६८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचे चाळणी-तपासणीचे निकष प्रसिद्ध केले होते, आणि योग्य चाचणी हाती असणं ही त्यातली एक मूलभूत अट होती. पुढे समितीने जोखमीच्या बाळांची यादी केली: घराण्यात बहिरेपण, गरोदरपणी आईला रुबेला, फार कमी वजन, तीव्र कावीळ, चेहऱ्या-कानाच्या रचनेतले दोष. पण या यादीत जन्मजात श्रवणदोषाची निम्मीच मुलं सापडत. उरलेली निम्मी धडधाकट दिसणारी, घरात कुणी बहिरं नसलेली. त्यांच्यापर्यंत पोचायला सगळ्यांचीच तपासणी हवी होती, आणि डाउन्स यांचं मूळ म्हणणं तेच तर होतं.

इथे पहिला आक्षेप समोर येतो. श्रेय खरं तर यंत्र देणाऱ्यांचं नाही का? थॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच मांडलं होतं की आतला कान केवळ आवाज झेलत नसावा, स्वतःची ऊर्जाही घालत असावा, आणि तसं असेल तर कानातून आवाज बाहेरही येऊ शकेल. तीस वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवून तो आवाज पकडून दाखवला. आज प्रसूतिगृहात झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंड घालून काही मिनिटांत जी ‘ओएई’ चाचणी होते, ती याच शोधावर उभी आहे. दुसरीकडे जुएट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली मेंदूच्या खोडातून उमटणाऱ्या विद्युत्-लहरींचं वर्णन केलं. आपल्याकडे ‘बेरा’ म्हणून डॉक्टर लिहून देतात ती चाचणी त्यातूनच आली. ही दोन्ही कामं मूलभूत विज्ञानात डाउन्स यांच्या कामापेक्षा वरची आहेत, यात वाद नाही. तरीही केम्प यांचा शोध नवजात बाळांसाठीच वापरायचा, एवढंच नव्हे तर सगळ्या बाळांसाठी, हे शोधातून आपोआप निघत नव्हतं. यंत्र आलं तेव्हा प्रश्न मांडून ठेवलेला होता आणि उत्तर पारखायला समिती हजर होती. १९९४ साली तिने सगळ्या बाळांचा श्रवणदोष वेळेत ओळखण्याचं उद्दिष्ट स्वीकारलं आणि २००० साली पुढे जगभर गेलेली मुदत घालून दिली: एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार-मदत. अमेरिकेत आज ९५ टक्क्यांहून अधिक नवजात बाळांची श्रवणतपासणी होते.

सहा महिनेच का, याचा पुरावा डाउन्स यांच्याच कर्मभूमीतून आला. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सहा महिन्यांच्या आत निदान झालेली ७२ आणि त्यानंतर निदान झालेली ७८ मुलं यांची तुलना प्रसिद्ध केली. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा लक्षणीयरीत्या पुढे होती. त्यावर रास्त शंका घेतली गेली: जागरूक, सुस्थितीतल्या आईबापांचीच मुलं लवकर सापडत असतील, मग फरक तपासणीचा की घराचा? याला अधिक बळकट उत्तर इंग्लंडमधून मिळालं. तिथे जन्मतः सरसकट तपासणीच्या काळात जन्मलेल्या आणि तशी सोय नसलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. लवकर निदान झालेल्या मुलांची भाषा सरस ठरली. मात्र उच्चारित बोलण्यात तसा फरक दिसला नाही. ही दुसरी ओळ मला महत्त्वाची वाटते, कारण लवकर निदानाची भलामण करणारे ती बऱ्याचदा गाळतात. सहा महिन्यांत मशीन बसलं की मूल इतरांसारखं बोलू लागेल, असं आश्वासन कुणी देऊ नये. हाती लागते ती भाषा, आणि तेवढंही थोडं नाही.

यातूनच दुसऱ्या, जास्त टोकदार आक्षेपाला उत्तर देता येतं. कर्णबधिर समाजातले अनेक जण म्हणतात की पाळण्यातच बाळाला ‘दोष’ म्हणून ओळखणं हा ऐकणाऱ्यांचा अहंकार आहे; खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि ती असताना दुरुस्तीची घाई कशाला? या तक्रारीमागे मोठा अन्याय आहे. शाळांमध्ये मुलांना हात वापरायला मनाई करून ओठ वाचायला लावण्याची परंपरा शतकभर चालली. पण कर्णबधिर मुलं बहुतांश ऐकणाऱ्या घरांतच जन्मतात. त्यांच्या आईबापांना खुणांची भाषा येत नसते आणि ती शिकायलाही वेळ लागतो. बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत काहीच कळलं नाही तर त्या मुलाच्या वाट्याला ना बोली येते, ना खुणांची भाषा. लवकर निदान दोन्ही वाटा उघड्या ठेवतं. पुढे कुठली धरायची हा घराचा निर्णय, आणि सरकारी कार्यक्रमाने मशीन व कॉक्लिअर इम्प्लांटसोबत भारतीय सांकेतिक भाषेचं शिक्षणही तितक्याच सन्मानाने पुढे ठेवायला हवं. आजवर ते क्वचितच घडतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि नाहक धास्तीचा. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात पाणी, चिकट द्रव असतो. त्या वेळी चाचणी केली तर चांगला कानही ‘फेल’ दाखवतो. नापास ठरलेल्या बाळांपैकी बहुसंख्य पुढे निकोप निघतात, आणि तोवर आईचा जीव टांगणीला लागतो. मुद्दा खरा आहे, पण त्याला तोड आहे: घरी सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा चाचणी, आणि निकाल सांगताना ‘बहिरा’ हा शब्द न उच्चारण्याची शिस्त. शिवाय नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना फक्त ओएई पुरत नाही. काहींचा कान काम करतो पण संदेश मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, आणि तो दोष बेरातच दिसतो.

खरी गळती पुढे आहे. भारतात बहिरेपण प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत श्रवणदोषावर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तपासणीचं यंत्र घेणं त्या मानाने सोपं असतं. तेच बाळ दुसऱ्यांदा सापडणं अवघड. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. चाचणी माहेरच्या तालुक्यात, आणि फेरतपासणीची वेळ येते तेव्हा आई-बाळ सासरच्या जिल्ह्यात पोचलेले. बीडच्या ऊसतोड कामगाराचं बाळ दिवाळीच्या आसपास जन्मलं तर पुढचे महिने ते फडावरच असायचं. अमेरिकेतही नापास ठरलेल्या बाळांपैकी लक्षणीय हिस्सा पुढच्या तपासणीला येत नाही, मग आपण तर कागदावरच्या पत्त्यावर विसंबून आहोत.

यावर नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, कारण एक यंत्रणा बाळाचा माग आधीच ठेवते: लसीकरण. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीला बाळ कुठल्या तरी केंद्रावर येतंच, माहेरी असो वा सासरी. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या श्रवणचाचणीचा निकाल ठळक लिहिला आणि दीड महिन्याच्या लशीलाच फेरतपासणी जोडली, तर आशाताईला वेगळा पाठपुरावा करावा लागणार नाही आणि निदानासाठी तीन महिन्यांच्या मुदतीत दीड महिना हाती उरेल. दुसरी गोष्ट हिशेबाची. आरोग्य विभागाच्या अहवालात किती बाळांची चाचणी झाली याचा रकाना असतो. त्याच्या शेजारी दुसरा रकाना हवा: सहा महिन्यांच्या आत किती मुलांना मशीन बसलं किंवा भाषेची मदत सुरू झाली. तो आकडा सुरुवातीला लाजिरवाणा असेल, आणि म्हणूनच तो दर महिन्याला जिल्हावार जाहीर व्हायला हवा.