नक्षीला भुललेले बंदूकपारखी

जुन्या शिकारी बंदुकांच्या लिलावाची सूचीपत्रं चाळली की माझं डोकं फिरतं. सोन्याचा वेल, चांदीचं हरीण, अमक्या ड्यूकची मालकी, याला पान अपुरं पडतं. बंदूक उडते कशी, याला अर्धी ओळ पुरते. सराफकट्ट्यावर शोभावीत अशी ही माणसं बंदूकपारखी म्हणवून घेतात!

चकमकीच्या बंदुकीची खरी कसोटी वेगाची. चाप ओढला की गारगोटी धरलेला घोडा पोलादावर आपटतो, ठिणग्या रंजकावर, म्हणजे बाहेरच्या पेटवणीच्या दारूवर पडतात, नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आग आत शिरते, तेव्हा कुठे नळीतली दारू पेटते. उडत्या पाखरावर नेम धरणाऱ्याला यातली क्षणाची दिरंगाईही नडते. लंडनच्या कारागिरांनी जीव ओतला तो ही दिरंगाई छाटण्यासाठी. हेन्री नॉकनं १७८७ साली नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचं पेटंट घेतलं. दारू झपाट्यानं जळू लागली, नळ्या आखूड करता आल्या. आगीनं कान झिजून रुंदावू नये म्हणून त्याला प्लॅटिनमचं अस्तर आलं. जोसेफ मँटननं १८०६ साली दोन नळ्यांमधल्या उंच पट्टीचं पेटंट घेतलं, ते नेम सुधारण्यासाठी. यातलं काय दिवाणखान्यातल्या भिंतीवरून दिसतं?

नळीचंच घ्या. घोड्यांच्या नालांचे जुने खिळे तापवून, ठोकून पट्ट्या करायच्या, त्या गजाभोवती गुंडाळून सांधायच्या. मग मुद्दाम बेतानं गंज चढवायचा. धातूचे वळसे उठून दिसतात, उन्हातली चकाकीही मरते. आमचे हौशी संग्राहक हाच रंग मळ समजून घासून काढतात आणि वर ‘जीर्णोद्धार’ केला म्हणून मिरवतात!

व्यापारी त्यांच्याही वरचढ. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथनं १८०७ साली आघातानं पेटणारं स्फोटक बंदुकीत वापरण्याचं पेटंट घेतलं. पुढे कित्येक चकमकीच्या बंदुका अशा स्फोटकाच्या टोपीवर उडतील अशा बदलल्या गेल्या. आता त्यांनाच पुन्हा चकमकीचा नवा घोडा, नवी रंजकदाणी डकवून ‘अस्सल’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात.

ज्याच्या कारखान्यातून जेम्स पर्डीसारखे कारागीर निघाले, त्या मँटनचं १८२६ साली दिवाळं निघालं. आज त्याच्या नावावर बोली चढवणाऱ्यांनी निदान कळ, म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, उघडून आतलं कानसकाम दाखवावं, मग भाव सांगावा. तेवढी अक्कल नसेल तर सोनं खरवडून तोळ्यावर विका. त्यासाठी बंदूक कशाला हवी?