आंघोळीचं पाणी उन्हावर, पऱ्हाटी खतात

आपल्या वर्धा जिल्ह्यात आंघोळीच्या पाण्यासाठी पऱ्हाटीची गंजी घराशेजारी रचतात. त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. म्हणून माझं मत, पाणी उन्हानं तापवा.

लाकडी पेटीत खाली-बाजूला कुटार दाबून भरा, आत काळी रंगवलेली पत्र्याची टाकी, वर काच. तोंड दक्षिणेला, उतार साधारण ३५ अंश. २० लिटर पाणी ३० अंशांनी तापायला जेमतेम पाऊण युनिट उष्णता लागते; हिवाळ्यात एक चौरस मीटरवर त्याच्या कितीतरी पट ऊन पडतं. दिवस मावळायच्या आधी काचेवर गोधडी टाका, नाहीतर रात्रीतून पाणी निवतं.

पावसाळ्यात चुलीला तुराट्या आहेतच. पऱ्हाटी मात्र श्रेडरनं बारीक करून कंपोस्टमध्ये जाऊ द्या.