आधी कान, मग माईक : शाळेतल्या रेकॉर्डिंगविषयी थोडंसं



आपल्या शाळांमध्ये आता रेकॉर्डिंग ही नवी गोष्ट राहिलेली नाही. कवितागायन, परिपाठ, गोष्ट, मुलाखत, सगळं आपण मोबाईलवर टिपतो आणि ग्रुपवर टाकतो. काही शाळांत आता लॅपटॉपला जोडायची छोटी पेटीही आली आहे. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईकचा आवाज ती संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलते, आणि तिच्यासोबत पडद्यावर दिसणारं एक मिक्सर सॉफ्टवेअर असतं. या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे बऱ्याच सोयी आल्या आहेत. त्यातल्या दोन सोयी, मॉनिटरिंग आणि राउटिंग, शाळेच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. आणि नेमकं त्यांच्याकडेच आपलं लक्ष नसतं!

मॉनिटरिंग म्हणजे रेकॉर्डिंग चालू असतानाच ते कानाने ऐकणं. राउटिंग म्हणजे कोणता आवाज कुठे जाणार हे ठरवणं. बस, एवढंच.

हे आपल्याला कशाला हवं?

हिर्डोशीचंच उदाहरण घ्या. भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता, बाजूला नीरा-देवघर धरणाचं पाणी, पावसाळ्यात पत्र्यावर सतत वाजणारा पाऊस. हा हिरडस मावळचा मुलूख. जात्यावर दळता दळता ओवी म्हणणाऱ्या बाया मावळात घरोघरी होत्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या आता आजी-पणजीच्या वयाच्या आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सोबतीने त्यातल्या कितीतरी ओव्या प्रत्यक्ष गाणाऱ्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यातल्या काही गायिका आज हयात नाहीत, पण आवाज आहे. तो आहे, कारण त्या वेळी कोणीतरी नीट टिपला.

आपल्या वर्गातली मुलं उद्या आपल्या आजीची ओवी टिपायला गेली, तर संधी बहुधा एकदाच मिळणार. आजी रंगात आली, दहा ओव्या म्हणाली, आणि घरी येऊन ऐकलं तर आवाज फाटलेला, मागे पंख्याची घरघर. ‘आजी, परत म्हण ना,’ असं म्हणता येतं, पण तो रंग परत येईलच असं नाही.

कानाला हेडफोन लावा

म्हणून माझं पहिलं म्हणणं : रेकॉर्डिंगच्या वेळी एका मुलाच्या कानाला हेडफोन असलाच पाहिजे. पंखा, पाऊस, बाहेरची एसटी, माईकला लागणारा पदर हे सगळं आपल्या उघड्या कानांना जाणवत नाही, मन ते बाजूला सारतं. माईक मात्र सारत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण येते. आवाज संगणकात जाऊन परत येतो तोवर उशीर होतो, त्याला लेटन्सी म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा बफर असेल तर जाताना साधारण २१ आणि येताना २१ मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हा उशीर जवळजवळ १५ मीटर लांबून ऐकल्यासारखा झाला. कविता म्हणणाऱ्या मुलीला स्वतःचाच आवाज असा मागून आला की ती अडखळते, ताल चुकते. आपण मात्र म्हणतो, ‘पाठांतर कच्चं आहे!’

यावर उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. यात आवाज संगणकाला वळसा न घालता पेटीतूनच थेट कानात येतो. मिक्सरमध्ये ते बटण शोधा. हेडफोन वायरचा घ्या, कारण ब्लूटूथमध्ये आणखी उशीर होतो.

कोणाला काय ऐकू जाणार?

आता राउटिंग. आरएमई कंपनीच्या ‘टोटलमिक्स’ या मिक्सरमध्ये तीन रांगा दिसतात : वर आत येणारे आवाज, मध्ये संगणकातून वाजणारे, खाली बाहेर जाणारे. खालच्या प्रत्येक वाटेसाठी वेगळं मिश्रण करता येतं. म्हणजे गाणाऱ्या मुलाच्या कानात तबला मोठा, शिक्षकांच्या कानात फक्त मुलाचा आवाज, आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर. साध्या पेट्यांमध्ये इतकं नसतं, पण लूपबॅक आता अनेकांत असतं. त्यामुळे संगणकावरच्या व्हिडिओचा आवाज आणि आपलं बोलणं ऑनलाइन तासाला एकत्र पाठवता येतं, मोबाईल स्पीकरसमोर धरावा लागत नाही. मात्र वाट चुकली तर तोच आवाज फिरून फिरून येतो आणि किंचाळतो, म्हणून आधी एकदा तपासा.

माझा आग्रह असा की आजीच्या ओवीखाली बासरीचं संगीत रेकॉर्डिंगच्या वेळीच मिसळू नका. एकदा मिसळलेलं नंतर नीट वेगळं होत नाही. मूळ आवाज स्वतंत्र ट्रॅकवर कोरा ठेवा, सजावट नंतरही करता येते. आणि राउटिंग पडद्यावर संपत नाही. हा आवाज पुढे कुठे जाणार, वर्गात, ग्रुपवर की सगळ्या जगात, हे आजीला विचारूनच ठरवा. ओवीत सासर-माहेरचं दुःखही असतं. ते कोणापर्यंत न्यायचं, हा हक्क तिचा.

मग मशीनच सगळं करतं ना?

काही अंशी करतं. २०२३ मध्ये आलेल्या स्कारलेटच्या चौथ्या पिढीत ‘ऑटो गेन’ आहे. दहा सेकंद आवाज ऐकून ते पातळी स्वतः लावतं. ‘क्लिप सेफ’ आवाज फाटू लागला की पातळी खाली घेतं. सोय चांगली आहे, जरूर वापरा. पण पातळी बरोबर आहे म्हणजे रेकॉर्डिंग चांगलं आहे असं नाही. कोणता शब्द गिळला गेला, ‘ळ’ स्पष्ट आला की नाही, आजी दमली का, हे मशीनला कळत नाही. ते कानाला कळतं.

‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चार कौशल्यांत पहिलं श्रवण, आणि त्यालाच आपण सर्वांत कमी वेळ देतो. हेडफोन लावून दुसऱ्याचं बोलणं दहा मिनिटं मन लावून ऐकणारं मूल श्रवणाचाच धडा गिरवत असतं. प्रत्येक शाळेने पेटी घ्यावी असंही नाही. केंद्रात एक असली आणि ती शाळाशाळांत फिरली तरी पुष्कळ झालं. तीही नसेल तर मोबाईलवर आधी अर्धा मिनिट टिपा, हेडफोनवर ऐका, पंखा बंद करा, जागा बदला, मग खरं रेकॉर्डिंग सुरू करा.

पालकांनो, या सुट्टीत मुलांना आजीसमोर बसवा. आणि शिक्षक मित्रहो, बटणं तुम्ही दाबा हवं तर, पण हेडफोन मुलांकडे द्या.