उसातला बिबट्या आणि शिवाराचा हिशेब

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्यांत बालकेही होती. लोकक्षोभ उसळला, रस्ते अडविले गेले आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या गोळीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मानवी जीवितास धोका ठरलेले आणि पकडता न येणारे जनावर मारण्याची मुभा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात आहेच. वादाचा मुद्दा निराळा आहे. शेतकऱ्याला आपल्या शिवारातील शिकारी जनावर सरसकट टिपण्याची मोकळीक मिळावी, म्हणजे प्रश्न मिटेल, असे आता उघडपणे बोलले जाते. ही मागणी करणाऱ्यांचे दुःख खरे आहे. तथापि त्यांनी सुचविलेल्या उपायाने ते दूर होईल काय, हे तपासून पाहावयास हवे.

अमेरिकेतील अनुभव

हा प्रयोग जगात यापूर्वी झालेला आहे. अमेरिकेत कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या आकाराचा 'कायोटी' नावाचा प्राणी आहे. मेंढपाळांचे नुकसान टळावे म्हणून तेथे १९३१ साली खास कायदा झाला आणि सरकारी खर्चाने बंदुका, सापळे व विष यांचा मारा सुरू झाला. सरकारी जमिनींवरील विषप्रयोगास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली बंदी घातली. मात्र शिकार थांबली नाही. अलीकडेही सरकारी यंत्रणा वर्षाला साठ हजारांच्या घरात कायोटी मारते. शेतकरी आपल्या शेतावर स्वतः मारतात ते वेगळेच. एवढे करूनही पश्चिमेकडील माळरानांपुरता असलेला हा प्राणी आज पूर्व किनाऱ्यावरील महानगरांपर्यंत पसरला आहे. एक जोडी मारली की मोकळ्या झालेल्या मुलखात दुसरी येते, आणि उरलेल्यांची अधिक पिले जगतात.

आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत शिकारी जनावरांच्या डोक्यावर बक्षिसे लावली जात. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दीड लाखांहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असे इतिहासकार महेश रंगराजन यांनी नोंदविले आहे. त्या संहाराने माळावरचा लांडगा दुर्मीळ झाला, बिबट्या मात्र टिकून राहिला. धनगराच्या वाड्यावर रात्री राखण करणे त्यानंतरही चुकले नाही.

गोळी नको तर पिंजरा लावून जनावर दूर सोडावे, हा मध्यममार्ग जुन्नर भागात चोखाळला गेला. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यास आरंभ झाला, आणि २००३ पर्यंतच्या काळात ही सरासरी १७ वर गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून हे उघड झाले. परक्या मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर अधिक धोक्याचे ठरते.

जनावर येते कोठून?

'जंगल तुटले म्हणून बिबट्या गावात आला' हे वाक्य आता सर्वांना पाठ झाले आहे. पण ते अर्धेच खरे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात अत्रेय यांच्या पाहणीत शेतीच्या, दाट वस्तीच्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. हे वाट चुकलेले पाहुणे नव्हेत. उसात जन्मलेली त्यांची ही वसाहत आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. सावली, पाणी आणि आडोसा एवढे सारे जंगलातही एकत्र सापडत नाही.

१९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या जिल्ह्याचा कायापालट झाला. त्या समृद्धीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या समृद्धीसोबत आलेला धोका कोणाच्याही ताळेबंदात मांडला गेला नाही. ऊस तुटू लागला की आडोसा नाहीसा होतो, पिलांची आई बिथरते, आणि त्याच फडाच्या कडेला कोपीत ऊसतोड मजुराची मुले निजलेली असतात. पाथर्डी-बीडकडून आलेल्या या मजुराला ना उसाचा भाव मिळतो, ना गावच्या निर्णयात आवाज. रात्रपाळीच्या विजेमुळे अंधारात दारे धरणारा शेतकरीही याच धोक्यात उभा असतो.

हिवरे बाजारचा दाखला

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचा दाखला येथे उपयोगी पडतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास या गावाने आपला कारभार हाती घेतला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, सिंचनासाठी कूपनलिका नाकारल्या, ऊस आणि केळी यांसारखी पाणीपिऊ पिके वर्ज्य ठरविली. हे सारे पाण्यासाठी झाले, बिबट्यासाठी नव्हे. पण आपल्या शिवारात काय पिकवावे आणि जनावरे कशी राखावीत हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न नसून साऱ्या गावाचा प्रश्न आहे, हे त्या गावाने मान्य केले. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले तेथील दूध चार हजार लिटरांच्या घरात गेले, ते डोंगरावरचे गवत कापून आणून दावणीला घातल्यामुळे.

बागायती पट्ट्याने ऊस सोडावा, असे सुचविणे व्यवहार्य नाही. मात्र गावठाण, शाळा आणि वस्त्या यांच्या लगतचा पट्टा उसाविना ठेवणे, कत्तलखान्याची घाण व मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त करणे, एवढे ग्रामसभा ठरवू शकते. अकोल्यातच असे दिसून आले की शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा शेळीहून कितीतरी मोठा होता. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे मोकळे असते. बंदिस्त गोठा जनावर वाचवितो, याहून सरळ पुरावा कोणता हवा?

खर्च कोणाच्या माथी?

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा असेल, तर तो एकटा एक ना एक दिवस बंड करतो. बिबट्या राखण्याचे समाधान मुंबई-पुण्याला मिळते, शेळी मात्र जाते भूमिहीन विधवेची. तिला मिळते बाजारभावाच्या पाऊणपट किंवा शासनाने ठरविलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती. उरलेला पाव हिस्सा, पंचनाम्यासाठीचे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी हा वन्यजीव संरक्षणाचा कर होय, आणि तो देशातील सर्वांत गरीब माणसाकडून वसूल केला जात आहे.

तेव्हा भरपाई पूर्ण बाजारभावाने, ठरलेल्या मुदतीत, विलंब झाल्यास व्याजासह मिळाली पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे, समाजाचे देणे आहे. शेतीपंपांना दिवसा वीज हा येथे जीविताचा प्रश्न आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून वर्गणी घेण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे. त्याच धर्तीवर आणखी अल्प रक्कम घेऊन बंदिस्त गोठे आणि मजुरांसाठी पक्के, उजेडाचे निवारे उभारता येतील. ज्या उसाने बिबट्याला आसरा दिला, त्या उसाने या खर्चाचा वाटा उचलणे न्याय्यच आहे.

हे न करता हाती बंदूक देणे सोपे आहे, कारण बंदुकीला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. परंतु एक बिबट्या पडला तरी ऊस उभाच राहतो, कोपी उघडीच राहते आणि पुढच्या हंगामात त्याच फडात दुसरे जनावर येऊन राहते.