आकाशातली देवघेव

मंडळी, ऑगस्टात रात्री अकराच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आपल्या डब्लिनमध्ये परसात उभे राहून वर पाहिलेत, तर हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्यातच आहे 'सिग्नस एक्स-१'. सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचे कृष्णविवर आणि एक प्रचंड निळा तारा, दोघे ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. कृष्णविवर काही दिसत नाही. पण ताऱ्याचा वायू त्यात पडताना भयंकर तापतो, क्ष-किरण सोडतो, आणि तिथेच चोरी पकडली जाते!

दोघांतले अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम पाव. आता गंमत अशी, की इतके जड तारे म्हातारपणी फुगले की याहून कितीतरी मोठे होऊ शकतात. मग या जोड्या एवढ्या दाटीवाटीत मावल्या कशा?

उत्तर आहे देवघेवीत. जास्त जड तारा आपले इंधन लवकर उधळतो. तो फुगला की त्याचा बाहेरचा वायू जोडीदाराकडे वाहू लागतो आणि उरलेला गाभा कोसळून कृष्णविवर होते. पुढे जोडीदार फुगला की देणे उलट फिरते. कधी कधी त्याचा वायू दोघांनाही वेढून टाकतो. त्यातून फिरताना कक्षा आकसते आणि वायू बाहेर फेकला जातो. जोडीदाराचेही कृष्णविवर झाले, की राहते काळी जोडी. दाट तारकागुच्छांत दोन परकी कृष्णविवरेही गाठ पडून एकत्र येतात. कोणता मार्ग अधिक रुळलेला, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

अशी जोडी गुरुत्वीय लहरी सोडत जवळ येते आणि अखेर एकच होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन्ही केंद्रांनी अशी पहिली लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट कृष्णविवरांचे ते मीलन १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झाले होते. अशी क्षीण लहर गोंगाटातून कशी निवडायची, याचे महत्त्वाचे गणित संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पुण्याच्या 'आयुका'त बसून १९९१ सालीच मांडले होते!

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. इतक्या दूरच्या केंद्रावर लहर किती आधी वा नंतर पोचली हे कळले, की ती आकाशात कुठून आली हे कितीतरी नेमके सांगता येईल. तेव्हा पोरांना हंस दाखवाल, तेव्हा मराठवाड्यातल्या औंढ्याचेही नाव सांगा.