पहिल्या वर्षाच्या मुलाने क्वार्टरबॅक खेळावे काय?

द्वितीय वर्ष, कला

शीर्षक वाचून आमचे प्राध्यापक म्हणतील, या मुलाचा अभ्यास राहिला बाजूला आणि हा अमेरिकेच्या फुटबॉलची काळजी वाहत बसला आहे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. हॉस्टेलच्या खोलीत रात्री मोबाईलवर जुने सामने पाहण्यात माझा बराच वेळ गेला आहे. परंतु मी ज्या प्रश्नावर लिहीत आहे तो तिकडच्या कॉलेजांत दर हंगामाच्या आरंभी विचारला जातो, आणि गेली दोन वर्षे तोच प्रश्न निराळ्या नावाने आमच्या जिमखान्याच्या पायऱ्यांवरही विचारला गेला. दोन्ही वेळा त्यात मी होतो. एवढाच माझा अधिकार.

प्रथम खेळाविषयी थोडे, कारण आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जाणारा. एका बाजूला अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, न जमले तर चेंडू दुसऱ्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला गडी दोन पायांतून चेंडू मागे देतो. तो घेणारा क्वार्टरबॅक. त्याने तो घेऊन पळावे, शेजारच्याच्या हाती द्यावा किंवा दूर धावणाऱ्या गड्याकडे फेकावा. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसे त्याला आडवे करायला धावत असतात आणि विचाराला मिळतात दोन-तीन सेकंद. आपल्या कबड्डीतल्या चढाईपटूसारखाच तो सर्वांच्या नजरेत असतो. फरक एवढाच, की मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजार माणसे बसतात. आमच्या गावच्या यात्रेलाही एवढी माणसे मी पाहिली नाहीत.

तर अशा जागेवर शाळेतून नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला, ज्याला ते ‘फ्रेशमन’ म्हणतात, पहिल्या संघात उभे करावे की नाही?

१९७२ पूर्वी एरवी हा प्रश्न उद्‌भवतच नसे. कॉलेजांच्या खेळांचे नियम करणारी तिकडची संस्था, एन.सी.ए.ए., पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळूच देत नसे. त्यांचे संघ निराळे असत. मुलाने आधी कॉलेजात रुळावे, वर्गात बसावे, मग मैदान गाजवावे, असा त्यामागे विचार होता. १९७२ पासून ती बंदी उठली. तरीही ‘आधी एक वर्ष बसू दे’ म्हणणारे लोक तिकडे आजही कमी नाहीत, आणि त्यांना नुसते जुन्या वळणाचे म्हणून मोडीत काढता येणार नाही.

ते नोत्र दाम विद्यापीठाचे २००७ सालचे उदाहरण देऊ शकतात. जिमी क्लॉसन हा शाळेत फार गाजलेला मुलगा पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक झाला आणि त्या नामांकित संघाने बारांपैकी नऊ सामने गमावले. नेव्हीच्या संघाला त्यांनी लागोपाठ ४३ वर्षे हरविले होते. ती साखळीही त्याच हंगामात तुटली. पण ते सामने पाहिले तर काय दिसते? क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात, त्याला अंगाने झाकतात. ती भिंतच पडत होती. जो चेंडू फेकण्यापूर्वीच जमिनीवर आपटला जातो तो पहिल्या वर्षाचा असला काय आणि चौथ्या वर्षाचा असला काय? माझे म्हणणे असे, की वय विचारण्यापूर्वी त्या मुलाच्या पुढे कोण उभे आहेत ते विचारावे.

आता दुसरी बाजू. ८ जानेवारी २०१८, अटलांटा. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌स हा दुसऱ्या वर्षाचा. २०१६ मध्ये तो स्वतः फ्रेशमन असतानाच त्याने मुख्य जागा मिळविली होती आणि तेव्हापासून तो फक्त दोन सामने हरला होता. त्या रात्री मात्र मध्यंतराला फलक होता १३–०, जॉर्जियाच्या बाजूने. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्‌सला बाहेर बसवून हवाई बेटांवरून आलेल्या तुआ टागोवायलोआ या फ्रेशमनला उतरविले. (जॉर्जियाचा जेक फ्रॉम हाही फ्रेशमनच, आधीच्या क्वार्टरबॅकला दुखापत झाल्याने त्याला जागा मिळाली होती.) सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. जॉर्जियाने तीन गुण घेतले. मग तुआने जी चूक केली ती अनुभवी खेळाडूने केली नसती: चेंडू वेळेवर फेकून न देता तो मागे मागे पळत राहिला आणि सोळा यार्ड मागे पकडला गेला. झाले, असे सर्वांना वाटले. पुढच्याच चेंडूला त्याने डाव्या हाताने ४१ यार्डांची फेक केली, ती डेव्हॉन्टा स्मिथ याने झेलली, आणि अलाबामा २६–२३ असे जिंकले. झेलणाराही पहिल्याच वर्षाचा.

हा सामना दाखविताना लोक ती फेक पुनःपुन्हा दाखवितात. मी तिच्या आधीचा चेंडू पुनःपुन्हा पाहिला आहे. सोळा यार्डांची चूक करूनही त्या मुलाला कोणी बाहेर काढले नाही, त्याच्याकडेच पुढचा चेंडू दिला. पहिल्या वर्षाच्या मुलाला खेळविणे म्हणजे नुसते यादीत नाव घालणे नव्हे. चुकीनंतरचा चेंडूही त्याचाच, एवढे आधी ठरविणे. हे ठरविता येत नसेल त्यांनी त्याला खेळवू नये.

मात्र त्या रात्री कॅमेरा मधूनमधून हर्ट्‌सकडे वळत होता आणि माझेही लक्ष तिकडेच जाई. तो बाकावर तोंड लपवून बसला नव्हता. तो तुआशी बोलत होता. पुढच्या हंगामात जागा तुआची झाली. हर्ट्‌स कॉलेज सोडून गेला नाही. १ डिसेंबर २०१८ रोजी त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआच्या पायाला दुखापत झाली तेव्हा अलाबामा सात गुणांनी मागे होते. हर्ट्‌स उतरला आणि ३५–२८ असा सामना जिंकून आला. पुढे तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, नंतर व्यावसायिक झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाकडून सुपर बोल जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण बाजूला बसविलेला प्रत्येक जण हर्ट्‌स होत नाही. त्याच २०१८ सालच्या सप्टेंबरात क्लेमसन विद्यापीठात जे झाले ते मला अधिक बोचते. केली ब्रायंट हा शेवटच्या वर्षाचा. त्याने अठरापैकी सोळा सामने जिंकून दिले होते. चार सामने झाले, चारही जिंकले, आणि प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी जाहीर केले की यापुढे ट्रेव्हर लॉरेन्स हा फ्रेशमन खेळेल. दोन दिवसांत ब्रायंट संघ सोडून गेला. शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध पहिल्याच अर्ध्यात लॉरेन्सला मार लागून तो बाहेर झाला. आता अनुभवी माणूस बाकावर कोठे होता? चेस ब्राइस नावाचा, ज्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते असा मुलगा उतरला आणि त्याने संघाला ९४ यार्ड नेऊन, ४१ सेकंद उरले असताना आघाडी मिळवून दिली. क्लेमसन २७–२३ असे जिंकले. तो एक सामना गेला असता तर? तो गेला नाही. लॉरेन्स परतला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याने अलाबामाला ४४–१६ असे हरवून विजेतेपद मिळविले. १९८५ च्या हंगामात ओक्लाहोमाच्या जमेल हॉलिवेने हे केले होते. त्यानंतर सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकने ते करण्याची ही पहिलीच वेळ. लॉरेन्स तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मीही आज एकोणीसचाच आहे, पण ते असो.

स्विनी यांचा निर्णय खेळाच्या दृष्टीने बरोबर ठरला. ब्रायंट रागावला तेही मला चूक वाटत नाही.

का वाटत नाही ते सांगण्यासाठी जिमखान्याकडे यावे लागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील बाजार समितीत हमाली करतात. गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला असताना आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या यादीत माझे नाव चढाईपटू म्हणून लागले आणि तृतीय वर्षाच्या एकाचे नाव राखीव गड्यांत गेले. त्याला आम्ही दादा म्हणत असू. तोही माझ्यासारखाच पहाटेच्या एस.टी.ने येणारा, त्याच्याही घरात तो पहिलाच. पोलीस भरतीच्या वेळी खेळाच्या प्रमाणपत्राचा उपयोग होईल अशी त्याला आशा होती आणि त्याचे ते शेवटचे वर्ष होते. ही यादी त्याने माझ्या शेजारी उभे राहून, सर्वांबरोबर, नोटीस बोर्डावर वाचली. त्याला आधी कोणी सांगितले नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले नाही; बुटाची नाडी बांधत राहिलो. नाडी सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मला म्हणाला, “तू परत फिरताना डावा पाय मागे लांब ठेवतोस. कोपरा घोटा धरणार तुझा.” आठवडाभर त्याने मला हेच शिकविले. दुसऱ्या फेरीत शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि डाव्या कोपऱ्याने माझा तोच घोटा धरला. दादा पाण्याची बाटली देत म्हणाला, “त्यानं मलाही तिथंच धरलं असतं.” हे खरे होते की मला बरे वाटावे म्हणून, ते मी अजून त्याला विचारलेले नाही.

यंदा गोष्ट उलटी झाली. प्रथम वर्षाला एक मुलगा आला आहे. तो माझ्याहून चपळ आहे. सरावात सर्वांनी पाहिले, मीही पाहिले. निवडीच्या वेळी म्हटले गेले, “त्याला अजून वर्षे आहेत. यंदा याचा हक्क.” मी गप्प बसलो. मला ते ऐकून बरे वाटले, हे लिहिताना लाज वाटते. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तो मुलगा आमच्या पिशव्या राखीत बसला होता. तो खेळला असता तर जिंकलो असतो असा माझा दावा नाही. पण जागा ही बसच्या रांगेसारखी नसते. पुढे उभे राहिल्याने हक्क उत्पन्न होतो, हे मला पटत नाही. आणि ‘अजून वर्षे आहेत’ हेही तितके खरे नाही. अमेरिकेत न खेळलेले वर्ष हिशेबात धरीत नसत: पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुभा होती, आणि २०१८ पासून तर चार सामने खेळूनही ते वर्ष शिल्लक राहू लागले. त्याला ते ‘रेडशर्ट’ म्हणतात. आमच्याकडे गेलेले वर्ष गेले. त्यातून आमच्या वर्गातली किती मुले दुसऱ्या वर्षाला फी भरून परत येतात ते हजेरीपटात पाहावे.

तिकडे आता पैशाचाही गुंता झाला आहे. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे मिळविता येतात, आणि कॉलेज बदलले की एक वर्ष बसण्याची जुनी अटही तेव्हाच सैल झाली. त्यामुळे नव्या मुलाला उतरविले नाही तर तो निघून जाईल म्हणूनही त्याला उतरवितात. किंवा धोका नको म्हणून दुसरीकडचा तयार क्वार्टरबॅक आणतात. ही दोन्ही कारणे मला सारखीच निकामी वाटतात. २०२४ पासून तर क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येण्याची सोय झाली आहे. पण चेंडू सुटण्याच्या मुदतीतले पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मग मुलगा एकटाच.

म्हणून माझे मत: चांगला असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलालाच उतरवावे. ब्रायंटसारख्याला दुखावून उतरवावे लागले तरी उतरवावे; फक्त ते दुखावणे आपण केले आहे, हे विसरू नये.

जुलैनंतर पुन्हा निवड होईल तेव्हा मी तृतीय वर्षाला असेन. तो मुलगा तोपर्यंत आणखी तयार झालेला असेल. सध्या सायंकाळी मीच त्याचा घोटा धरून त्याला दाखवीत असतो. यादीत त्याचे नाव वर आले आणि माझे राखीवमध्ये गेले तर मला वाईट वाटेल, हे आताच लिहून ठेवतो. जिमखान्याला माझी विनंती एवढीच, की यादी बोर्डावर लागण्यापूर्वी मला बोलावून सांगावे.