फाइल पूर्ण झाली तरी लगेच बंद करू नका

उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस अशी मोफत सॉफ्टवेअर तुम्ही टॉरेंटने उतरवून घेत असाल, तर एक कळकळीची विनंती आहे. फाइल शंभर टक्के उतरली की लगेच प्रोग्रॅम बंद करू नका. थोडे दिवस चालू राहू द्या. का, ते समजायला टॉरेंटचं काम आत कसं चालतं हे पाहायला हवं.

नेहमीच्या डाउनलोडमध्ये फाइल एका सर्व्हरवर असते आणि सगळे तिथूनच ओढतात. गर्दी झाली की सगळ्यांचाच वेग पडतो. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं, तेव्हा त्याने हे गणितच उलटं केलं. पंगतीत जेवायला बसलेल्यानेच शेजारच्याला वाढायचं, तसा हा प्रकार आहे. फाइलचे तुकडे पाडतात. ४ जीबीची फाइल असेल आणि तुकडा १ एमबीचा, तर ४०९६ तुकडे होतात. तुमच्याकडे एक तुकडा आला की तो दुसऱ्याला द्यायला तुम्ही मोकळे. प्रत्येक तुकड्याची हॅश, म्हणजे गणिताने काढलेली खूण, आधीच नोंदलेली असते. ती जुळली नाही तर तुकडा टाकून देतात आणि पुन्हा मागवतात. म्हणून अनोळखी माणसांकडून तुकडे घेऊनही फाइल बिघडत नाही. कोणाकडे काय आहे हे ट्रॅकर नावाच्या सर्व्हरकडून कळतं, किंवा तो नसला तर सहभागी संगणकच एकमेकांना पत्ते सांगतात.

तुकडे ओळीने येत नाहीत. ज्या तुकड्याच्या प्रती सगळ्यांत कमी लोकांकडे आहेत, तो आधी मागवला जातो. दुर्मीळ तुकडा लवकर पसरावा, एखादा संगणक बंद पडल्याने तो कायमचा हरवू नये, यासाठी ही योजना आहे. मला या रचनेतलं हेच सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. शिवाय जो देतो त्याला जास्त द्यायचं, हाही नियम आहे. नुसतं ओढत राहणाऱ्याला वेग कमी मिळतो. अधूनमधून नवख्यालाही संधी दिली जाते, कारण त्याच्याकडे सुरुवातीला द्यायला काहीच नसतं.

पण ही देवाणघेवाण फाइल पूर्ण होईपर्यंतच प्रोग्रॅम तुमच्याकडून करून घेतो. त्यानंतर तुम्हाला कोणाकडून काही नको असतं. पुढे देत राहायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या मर्जीवर. पूर्ण फाइल घेऊन थांबणाऱ्याला सीडर म्हणतात. सगळेच सीडर निघून गेले आणि एखादा तुकडा कोणाकडेच उरला नाही, तर मागचे सगळे ९९ टक्क्यांवर अडकतात. कितीही वाट पाहिली तरी तो शेवटचा टक्का येत नाही.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. तुम्ही घेता घेता देतही असता, म्हणून कॉपीराइट असलेला सिनेमा किंवा पुस्तक उतरवलं की तुम्ही त्याचे वाटपकर्तेही होता, आणि तुमचा आयपी पत्ता त्या फाइलशी जोडलेल्या कोणालाही दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या वाटेला जाऊ नका. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो, त्यामुळे हरिभाऊ आपटे, केशवसुत, साने गुरुजी यांचं मूळ लेखन आज मोकळं आहे; ते खुशाल वाटा. दुसरं, हॅश जुळली याचा अर्थ एवढाच की टाकणाऱ्याने जे टाकलं तेच तुम्हाला मिळालं. त्याने व्हायरस टाकला असेल तर व्हायरसच बिनचूक येईल. म्हणून सॉफ्टवेअरची टॉरेंट फाइल त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

घरच्या ब्रॉडबँडवर हे सहज जमतं. मोबाइलच्या डेटावर करू नका, पाठवलेलंही तुमच्याच कोट्यातून जातं. क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशनमध्ये अपलोडच्या वेगावर मर्यादा घाला, म्हणजे मुलांचा ऑनलाइन वर्ग अडणार नाही. रेशो १ म्हणजे घेतलं तेवढं दिलं. जमलं तर २ होईपर्यंत थांबा. आणि यादीत जिथे सीडर एक-दोनच दिसत असतील, ती फाइल सगळ्यांत शेवटी बंद करा.